निर्दोष सुटला तरी जेलरची फी भरल्याशिवाय बाहेर सोडत नसत, जॉन हॉवर्डने या कारभाराची पार वही मांडली

समजा, तुमच्यावर चोरीचा खोटा आळ आला. पाच-सहा महिने तुम्ही जेलमध्ये काढले. शेवटी केस उभी राहिली, पुरावा काहीच सापडला नाही आणि कोर्टाने तुम्हाला निर्दोष सोडलं. आता सरळ घर गाठायचं, असंच तुम्हाला वाटणार.

पण अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गोष्ट इथे संपत नव्हती. निर्दोष सुटलेल्या माणसाला कोर्टातून परत त्याच जेलमध्ये नेलं जायचं. कारण जेलरची फी बाकी असायची. ती भरा आणि मग जा. आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत, तो आतच. कायद्याने मोकळा, पण कुलूप मात्र तसंच.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. न्यायाधीशांना नाही, वकिलांना नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना तर नाहीच. अशा वेळी एका बऱ्यापैकी श्रीमंत, एकलकोंड्या, तब्येतीने कायम नरम असलेल्या जमीनदाराने एक साधा प्रश्न विचारला. या जेलरला पगार का देत नाही?

त्या माणसाचं नाव जॉन हॉवर्ड. या एका प्रश्नाच्या मागे तो आयुष्याची शेवटची सतरा वर्षं फिरत राहिला.

हा हॉवर्ड होता तरी कोण

जॉन हॉवर्डचा जन्म 1726 सालचा. वडील लंडनमध्ये फर्निचरच्या गाद्या-गालिच्यांचा धंदा करायचे आणि त्यात त्यांनी चांगला पैसा कमावला होता. आई तो लहान असतानाच गेली. पोराची तब्येत नाजूक म्हणून त्याला बेडफर्डजवळच्या कार्डिंग्टन नावाच्या गावी ठेवलं होतं, तिथे वडिलांची जमीन होती. पुढे त्याला एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लावलं. 1742 साली वडील वारले आणि सोळा वर्षांच्या जॉनच्या वाट्याला मोठी मालमत्ता आली.

पैसा होता, पण शौक नव्हते. हा माणूस मांस खायचा नाही, दारू प्यायचा नाही. दूध, पाव, फळं आणि चहा एवढ्यावर त्याचं भागायचं. एकदा तो खूप आजारी पडला तेव्हा घरमालकिणीने त्याची सेवा केली. बरा झाल्यावर त्याने तिच्याशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांहून मोठी होती. 1755 साली तीही गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालच्या लिस्बन शहरात प्रचंड भूकंप झाला. घरात एकटा पडलेला हॉवर्ड तिकडे जायला जहाजात बसला. पण वाटेत फ्रेंच लुटारू जहाजाने त्याचं जहाज पकडलं. इंग्लंड आणि फ्रान्सचं तेव्हा वाकडं होतं. चाळीस तासांहून जास्त वेळ पाण्याचा थेंब नाही, अन्न जवळपास नाहीच. मग ब्रेस्टच्या किल्ल्यातल्या तळघरात गवतावर सहा रात्री काढल्या. सोबतचे किती तरी कैदी उपासमारीने आणि आजाराने मेलेले त्याने पाहिले.

एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या बदल्यात त्याची सुटका झाली. घरी आल्यावर हॉवर्ड गप्प बसला नाही. लंडनला जाऊन त्याने युद्धकैद्यांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना मागे राहिलेल्या लोकांचे हाल सांगितले आणि त्यांना सोडवण्यासाठी हालचाल सुरू झाली. जेल आतून कसा असतो हे त्याने असं स्वतः भोगलं होतं.

यानंतर मात्र बरीच वर्षं तो शांतपणे कार्डिंग्टनला राहिला. दुसरं लग्न केलं. कुळांसाठी पक्की घरं बांधली, मुलांसाठी शाळा काढल्या. हवेचं तापमान रोज मोजून लिहून ठेवायचा त्याला नाद होता. 1765 साली मुलगा झाला आणि आठवड्याभरात बायको हेन्रिएटा वारली.

1773: शेरीफ झाला आणि जेलमध्ये शिरला

1773 साली हॉवर्डला बेडफर्डशायर जिल्ह्याचा हाय शेरीफ नेमण्यात आलं. हे मानाचं पद होतं. न्यायाधीश गावात आले की त्यांचं स्वागत करायचं, मिरवणुकीत पुढे चालायचं, वर्ष संपलं की मोकळं व्हायचं. जिल्ह्याचा जेल कागदोपत्री शेरीफच्याच ताब्यात असायचा, पण त्यात पाय कोण ठेवतो? सगळे शेरीफ ते काम दुसऱ्यावर सोपवायचे.

हॉवर्ड स्वतः गेला. आणि तिथे त्याला हा फीचा प्रकार दिसला.

आता हे नेमकं काय होतं ते समजून घ्या. त्या काळी बहुतेक जेलरना सरकारी पगार नव्हता. जेलर म्हणजे जणू खानावळ चालवणारा धंदेवाईक माणूस. कैद्याला आत घेतल्याची फी, बाहेर सोडल्याची फी, झोपायला खाट हवी तर तिचे पैसे, पायातली बेडी हलकी करायची असेल तर त्याचे पैसे. शिवाय जेलमध्येच दारू विकायची, त्यातला नफा वेगळा. नवीन कैदी आला की जुने कैदी त्याच्याकडून पैसे मागायचे, नसतील तर अंगावरचे कपडे काढून घ्यायचे.

त्यात कोर्टाची तऱ्हा अशी की, मोठे खटले चालवणारे न्यायाधीश बहुतेक जिल्ह्यांत वर्षातून दोनदाच यायचे, उत्तरेकडच्या काही ठिकाणी तर एकदाच. म्हणजे निर्दोष माणूसही महिनोन्महिने आत. आणि सुटल्यावर एवढ्या महिन्यांनी खिशात काय उरणार?

हॉवर्डने जिल्ह्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागणी केली की, फी बंद करा आणि जेलरला पगार द्या. त्यांना म्हणणं पटलं, पण खर्च कोणी करायचा? दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात असं होतं का ते दाखव, मग आम्हीही करू, असं त्यांनी सांगितलं.

सरकारी ऑफिसात चकरा मारलेल्या कोणालाही हे उत्तर ओळखीचं वाटेल. इतर माणूस इथेच दमला असता. हॉवर्डने घोडा काढला आणि शेजारच्या जिल्ह्यात गेला. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या जिल्ह्यात गेला. तिथेही तेच. दाखला काही सापडेना, पण एकेक जेल बघता बघता त्याच्या लक्षात आलं की, फी हा तर फक्त वरवरचा प्रश्न आहे. आत जे चाललंय ते त्याहून भयंकर आहे.

त्याने काय पाहिलं

प्लिमथच्या जेलमध्ये एक कोठडी होती, जिच्यात माणसाला ताठ उभंही राहता येत नव्हतं. खिडकी नाही. दारात हाताच्या पंजाएवढं एक भोक. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या तीन माणसांना तिथे जवळपास दोन महिने ठेवलं होतं. श्वास घेण्यासाठी ते आळीपाळीने त्या भोकाला तोंड लावायचे.

ईलीचा जेल तिथल्या बिशपच्या मालकीचा. इमारत इतकी मोडकळीला आलेली की कैदी पळतील अशी भीती. मग भिंत दुरुस्त करण्याऐवजी कैद्यांना जमिनीवर उताणं पाडून साखळ्यांनी बांधलं जायचं. गळ्यात खिळे असलेला लोखंडी पट्टा आणि पायांवर जड लोखंडी दांडा.

बऱ्याच जेलमध्ये पाण्याची सोय नव्हती. गटार नव्हतं. कुठे आजारी लोकांसाठी वेगळी खोली नव्हती. बायका, पुरुष, पोरं, अट्टल गुन्हेगार आणि चाचणीसाठी थांबलेले लोक एकत्रच.

आणि खिडक्यांचं काय? इंग्लंडमध्ये तेव्हा घराला जितक्या खिडक्या तितका कर लागायचा. जेलच्या खिडक्यांचा कर भरायचा जेलरने. म्हणून पैसे वाचवायला कित्येक जेलरनी खिडक्याच बुजवून टाकल्या होत्या. कैद्यांची हवा बंद झाली ती कोणाच्या क्रूरपणामुळे नव्हे, तर हिशोबामुळे.

हॉवर्डच्या कामाची खरी ताकद हेच ओळखण्यात होती. सगळे जेलर राक्षस आहेत, अशी ओरड त्याने केली नाही. ज्या माणसाचं पोट कैद्याकडून पैसे काढण्यावर चालतं, तो पैसे काढणारच. माणूस बदलून उपयोग नाही, पैशाचा रस्ता बदलायला हवा, हे त्याने दाखवून दिलं.

फाशीपेक्षा जास्त माणसं तापाने मरत होती

या सगळ्या घाणीत एक आजार वाढत होता. त्याला लोक जेलचा ताप म्हणायचे. आज आपण त्याला टायफस म्हणतो. 1773 आणि 1774 या दोन वर्षांत इंग्लंडमध्ये जितक्या लोकांना फाशी झाली, त्यापेक्षा जास्त कैदी या तापाने मेले, असा हॉवर्डचा निष्कर्ष होता. आणि यातले बरेच असे, ज्यांच्यावर गुन्हा शाबीतच झाला नव्हता.

हा ताप जेलच्या भिंतीत थांबायचा नाही. 1750 साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात न्यूगेट जेलमधून कैदी आणले गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लंडनचा महापौर, दोन न्यायाधीश आणि कोर्टात बसलेले इतर अनेक लोक तापाने मेले. कैद्यांचं आरोग्य हा फक्त कैद्यांचा प्रश्न नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. पण जेल मात्र तसेच राहिले.

अशा जागी हॉवर्ड रोज जात होता. बाहेर आल्यावर त्याच्या कपड्यांना इतका वास यायचा की बंद घोडागाडीत बसणं त्याला नकोसं व्हायचं, म्हणून तो घोड्यावरून प्रवास करायचा. नोंदवहीची पानं शेकोटीसमोर तास-दोन तास धरल्याशिवाय हातात घेववत नसत. तरीही तो प्रत्येक ठिकाणी तेच करायचा. कोठडीची लांबी, रुंदी, उंची मोजायची. कैदी किती ते मोजायचं. भाकरी किती मिळते, पाणी कुठून येतं, डॉक्टर आहे का, फी किती, सगळं लिहून घ्यायचं.

मार्च 1774 मध्ये त्याला ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीसमोर बोलावण्यात आलं. त्याने वहीतली माहिती समोर ठेवली. संसदेने त्याचे जाहीर आभार मानले आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले.

पहिला कायदा असा की, निर्दोष सुटलेल्या माणसाला तिथल्या तिथे सोडायचं आणि जेलरला जी फी मिळायची ती जिल्ह्याच्या तिजोरीतून द्यायची. दुसरा कायदा आरोग्याचा. वर्षातून किमान एकदा भिंती खरवडून चुना लावायचा, हवा खेळती ठेवायची, आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या करायच्या, अंघोळीची सोय करायची आणि प्रत्येक जेलला एक डॉक्टर नेमायचा.

हॉवर्डने हे कायदे स्वतःच्या पैशाने छापून घेतले आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या जेलरना पाठवले. उद्या कोणी मला माहीतच नव्हतं असं सांगू नये म्हणून.

गंमत म्हणजे, ताप कशाने होतो हे त्यालाही माहीत नव्हतं. त्या काळच्या सगळ्यांसारखा तोही कोंदट हवेला दोष द्यायचा. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलं ते 1909 साली. पण हॉवर्डची शिफारस काय होती? नवीन कैदी आला की त्याला अंघोळ घाला आणि त्याचे कपडे भट्टीत तापवून घ्या. म्हणजे कारण चुकीचं धरलं होतं, पण औषध अगदी बरोबर निघालं.

कायदा झाला, पण पाळतो कोण?

कायदा झाला की काम झालं, असं मानणाऱ्यांतला हॉवर्ड नव्हता. तो पुन्हा त्याच जेलमध्ये गेला. काही ठिकाणी भिंतींना चुना लागला होता, अनेक ठिकाणी काहीच झालं नव्हतं. त्याने तेही लिहून घेतलं.

1777 साली त्याने हे सगळं पुस्तकात छापलं. इंग्लंड आणि वेल्समधल्या जेलची स्थिती हाच त्याचा विषय. किंमत मुद्दाम कमी ठेवली आणि कित्येक प्रती फुकट वाटल्या. पुस्तकात भाषणबाजी फारशी नाही. एकेका जेलचं नाव आणि त्याखाली आकडे. एका मोजणीत त्याला 4,084 कैदी सापडले आणि त्यातले 2,437 कर्जदार होते. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. सावकाराचे पैसे देता आले नाहीत म्हणून ते आत होते. आणि आत राहण्याचेही पैसे त्यांनाच द्यायचे होते.

इंग्लंडमध्ये सांगण्यासारखा दाखला सापडेना म्हणून तो युरोपात गेला. हॉलंडमधले स्वच्छ जेल त्याला आवडले. आज बेल्जियममध्ये असलेल्या घेंट शहरातला जेलही आवडला, तिथे कैदी रात्री वेगळ्या खोल्यांत झोपायचे आणि दिवसा काम करायचे. पॅरिसमध्ये त्याला जेलमध्ये शिरू देईनात, तेव्हा त्याने एक जुना नियम शोधून काढला. कैद्यांना स्वतःच्या हाताने दान द्यायचं असेल तर आत जाता यायचं. हॉवर्ड दान घेऊन आत गेला. बास्तीलच्या किल्ल्यात मात्र जमलं नाही. दार ठोठावून, पहारेकऱ्याला ओलांडून तो आतल्या पुलापर्यंत पोचला आणि तिथून त्याला परत पाठवलं. मग त्याने बास्तीलमधल्या हालांची माहिती देणारं एक फ्रेंच पत्रक मिळवलं आणि इंग्रजीत छापलं. फ्रेंच सरकारचा त्याच्यावरचा राग तेव्हापासून.

सगळंच बरोबर होतं का?

नाही. आणि हेही सांगायला हवं.

1779 साली इंग्लंडमध्ये नवीन प्रकारचे जेल बांधण्याचा कायदा झाला. हॉवर्डला तीन देखरेख अधिकाऱ्यांपैकी एक नेमलं. पण जेल कुठे बांधायचा यावरच तिघांत एकमत होईना. त्यातला हॉवर्डचा मित्र डॉ. फोदरगिल वारला आणि 1781 मध्ये हॉवर्डने राजीनामा दिला. जागेच्या वादात ती योजना बारगळली.

दुसरी गोष्ट एकांताची. कैद्यांना रात्री वेगळं ठेवावं, म्हणजे आजार आणि गुन्हेगारीची संगत दोन्ही टळेल, असं हॉवर्डचं म्हणणं होतं. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी हीच कल्पना टोकाला नेली गेली. 1842 साली लंडनमध्ये उघडलेल्या पेंटनव्हिल जेलमध्ये कैद्यांना दिवसरात्र एकटं ठेवलं गेलं आणि काहींच्या मनावर त्याचा गंभीर परिणाम झाला.

तिसरी गोष्ट घरातली. जन्मतःच आईविना झालेला त्याचा मुलगा जॅक लहानपणापासून बोर्डिंग शाळांत वाढला. वडील कडक शिस्तीचे आणि सदा प्रवासात. मोठेपणी जॅकचं मानसिक संतुलन गेलं आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तिथेच 1799 साली तो मेला. अनोळखी कैद्यांसाठी हजारो मैल फिरणारा हा माणूस आपल्या पोराजवळ मात्र राहिला नाही.

मुद्दाम रोगी जहाजात बसला

1785 पासून हॉवर्डने क्वारंटाइनच्या जागांकडे लक्ष वळवलं. प्लेगच्या भीतीने बंदरांवर प्रवाशांना आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवायचे. गुन्हा काही नाही, तरी कैदच. फ्रान्समध्ये बंदी असूनही डॉक्टरचा वेश करून तो मार्सेयला गेला. तिथून माल्टा, इझमिर, इस्तंबूल.

पण बाहेरून बघून आत काय होतं ते कळत नाही, हे त्याला ब्रेस्टपासून माहीत होतं. म्हणून व्हेनिसला जायला त्याने मुद्दाम असं जहाज निवडलं ज्याच्यावर प्लेगचा संशय होता. वाटेत चाच्यांनी हल्ला केला, तेव्हा साठीतला हॉवर्ड तोफेच्या मदतीला धावला. व्हेनिसला पोचल्यावर त्याला घाणेरड्या खोलीत कोंडलं. त्याने चुना मागवला आणि खोलीला सफेदी करून घेतली.

तिथे असतानाच त्याला कळलं की, इंग्लंडमध्ये त्याचा पुतळा उभारायला वर्गणी जमतेय. त्याला ते अजिबात आवडलं नाही. हे ताबडतोब थांबवा, असं त्याने पत्राने कळवलं. त्याच प्रवासात व्हिएन्नात सम्राट दुसरा जोसेफ याची भेट झाली, तेव्हा तिथली तळघरं किती वाईट आहेत हे हॉवर्डने त्याला तोंडावर सांगितलं.

खेर्सनचा शेवट

1789 साली तो पुन्हा निघाला, या वेळी रशियाकडे. रशिया आणि तुर्कस्तानचं युद्ध चालू होतं आणि लष्करी दवाखान्यांत सैनिक आजाराने मरत होते. आज युक्रेनमध्ये असलेल्या खेर्सन गावी तो थांबला. तापाने आजारी असलेल्या एका तरुणीला बघायला गेला आणि स्वतः तापाने पडला. 20 जानेवारी 1790 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी तो वारला. ज्या तापाशी तो आयुष्यभर लढला, बहुधा त्याच तापाने.

माझ्या कबरीवर स्मारक नको, एक सूर्यघड्याळ लावा आणि मला विसरून जा, अशी त्याची इच्छा होती. ती कोणी पाळली नाही. 1796 साली लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्या इमारतीतला तो पहिला पुतळा.

जेलरच्या फीचं काय झालं? 1774 च्या कायद्याला पळवाटा होत्या. शेवटी 1815 मध्ये संसदेने जेलमधली फी वसुली बंद करणारा वेगळा कायदा केला. हॉवर्डने पहिल्यांदा प्रश्न विचारल्याला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. पुढे 1866 साली त्याच्या नावाने संस्था निघाली. हॉवर्ड लीग या नावाने ती आजही ब्रिटनमध्ये कैद्यांसाठी काम करते.

आता तुम्ही म्हणाल, अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडशी आपला काय संबंध?

1979 साली भारताच्या सुप्रीम कोर्टासमोर हुसैनारा खातून खटला आला. बिहारच्या जेलमध्ये असे लोक सापडले, ज्यांच्यावरचा गुन्हा शाबीत झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ ते खटल्याची वाट बघत आत होते. बरेच जण फक्त जामिनाचे पैसे नाहीत म्हणून. जलद खटला हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने तेव्हा स्पष्ट केलं. तरी आजही भारतातल्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. यातल्या काहींना जामीन मंजूर झालाय, पण रक्कम भरायला किंवा जामीनदार द्यायला कोणी नाही.

हॉवर्ड आज आला असता तर त्याने कदाचित भाषण केलं नसतं. वही काढली असती आणि एकेकाला विचारलं असतं, तू कधीपासून आत आहेस आणि बाहेर पडायला किती पैसे कमी पडतायत?